भांडाराच्या इतिहासातला एक सभासद

मानसिंगराव इंगवल्यांना जगात कुणाचा म्हणून हेवा वाटत नसे. हेडमास्तर झालेल्या वर्गबंधूचा नाही, पुण्यात दोन घरं असलेल्या साडूचा नाही, की लढाईवरून तीन पदकं लावून आलेल्या चुलतभावाचाही नाही. हेवा ही हलक्या दर्जाची भावना आहे असं त्यांचं मत होतं, आणि ड्रॉइंग मास्तर या नात्यानं ते हे मत, मुलं कमळ काढत असताना, त्यांना अधूनमधून ऐकवतही. शेजारच्या जिनदत्त मगदुमांबद्दल त्यांना जे वाटे तो हेवा नव्हता. तो तत्त्वाचा प्रश्न होता.

तत्त्व असं, की माणसाला काही मिळायचं तर ते धडपडून मिळावं. जिनदत्त धडपडत नसे. सांगलीतल्या एका हळदीच्या पेढीवर तो कारकून होता, सकाळी सायकलवरून जाई आणि दिवस मावळायच्या आत जेवायला घरी येई. एवढ्यावर विश्रामबागच्या वस्तीतली माणसं त्याला 'अण्णा' म्हणत, त्याला विचारल्याशिवाय म्हैस घेत नसत आणि मुलगी देत नसत. दोघांच्या परसात एक कुंपण होतं. त्या कुंपणावर मानसिंगरावांनी दोडक्याचा वेल लावला. मूळ इंगवल्यांकडे राहिलं, पाणी इंगवल्यांनी घातलं, आणि दोडके झाडून सगळे मगदुमांच्या बाजूला लागले. बरं, त्यातून भांडणही उभं राहीना. जिनदत्तची बायको गुणमाला दर आठवड्याला निम्म्याहून जास्त दोडके टोपलीत घालून आणून देई आणि वर म्हणे, "वैनी, तुमच्याच वेलाचे हायत की!" स्वतःच्या वेलाचे दोडके दुसऱ्याचे उपकार म्हणून खाणं काय असतं, हे ज्यानं खाल्ले त्यालाच कळेल.

तर भांडाराची कल्पना मानसिंगरावांची. हे इथं एकदा स्पष्ट लिहून ठेवलेलं बरं, कारण पुढं यावरून बराच घोटाळा झाला. सन शेहेचाळीस उजाडलं होतं. लढाई संपली तरी रेशन संपलं नव्हतं. दुकानातला तांदूळ शिजवला की घरभर ओल्या पोत्याचा वास सुटे, आणि तेलात काय मिसळलं आहे ते खाल्ल्यावर तिसऱ्या दिवशी पोट सांगे. एका मंगळवारी स्टेशनच्या बाकावर बसून मानसिंगराव म्हणाले, "आपणच का काढू नये एक भांडार? सगळ्यांच्या मालकीचं. हातसडीचा तांदूळ, घाण्याचं तेल, भेंडीच्या रसानं साफ केलेला गूळ. गिरणीचं काही नाही, डब्यातलं काही नाही. निसर्गातून थेट ताटात!"

बाकावरच्या सर्वांनी मान डोलावली. मानसिंगराव समाधानानं घरी गेले. एक थोर कल्पना मांडल्यावर माणसानं निदान पंधरवडाभर विसावा घ्यावा अशी त्यांची पद्धत होती. शुक्रवारी जिनदत्त कुंपणापाशी आला. हातात कागद, कागदावर बेचाळीस सह्या.

"मास्तर, तुमची कल्पना लोकांस्नी लय आवडली. मी नुसता फिरलो," तो म्हणाला.

आणि हेच वाक्य तो गावभर सांगत सुटला: "कल्पना मास्तरांची, मी नुसता फिरलो." ऐकणारा म्हणे, "बघा, एवढं करून किती विनय!" जिनदत्त जितकं श्रेय देई तितकं ते त्याच्याकडेच परत येई, दोडक्यांसारखं.

पुढं आली कचेरी. भात आणायचं होतं शिराळ्याहून, म्हणजे इंग्रजांच्या खालसा मुलखातून. सांगली पडली संस्थानात. मधल्या हद्दीवरून धान्याचं एक पोतं न्यायचं तरी परवाना लागे. मानसिंगराव अर्ज घेऊन स्वतः गेले. पहिल्या खेपेला कागद आखूड निघाला. दुसऱ्या खेपेला कारकुनानं चष्म्यावरून पाहत विचारलं, "नैसर्गिक अन्न म्हणजे? अनैसर्गिक अन्नाचा अर्ज आमच्याकडे अजून कुणी केलेला नाही." मानसिंगरावांनी त्याला तांदळाच्या कोंड्यावर वीस मिनिटं समजावून सांगितलं. कारकुनानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ठीक आहे. हा तांदूळ गिरणीत गेलेला नाही असा गिरणीचा दाखला आणा."

मानसिंगराव गिरणीत गेले. गिरणीवाला म्हणाला, "जो तांदूळ माझ्याकडं आलाच न्हाई, त्याचा दाखला मी कसा देऊ? आधी घेऊन या. दळत न्हाई म्हणून लिहून देतो." म्हणजे भात परवान्याशिवाय यायचं नाही, आणि भात आल्याशिवाय परवाना मिळायचा नाही. या विषयावर मानसिंगराव वर्तमानपत्राला पत्र लिहायला बसले. पत्राचा मायना जमेपर्यंत जिनदत्त परवाना घेऊन आला.

"कसा मिळवलात?" मानसिंगरावांनी दात एकमेकांवर ठेवून विचारलं.

"काय न्हाई हो. ते कचेरीतले साहेब पेढीवर हळद न्यायला येतात. म्हटलं, साहेब, तुमच्या घरी तांदूळ कुठला? म्हणाले, आमच्या आईला हातसडीचाच लागतो. म्हटलं, मग तो कुठल्या रकान्यात लिवता? हसले आणि शिक्का मारला."

अशा रीतीनं पाडव्याला 'निसर्गाहार सहकारी भांडार' उघडलं. अध्यक्ष झाले आप्पासो, मामलेदार कचेरीतून पेन्शनीत निघालेले, ज्यांना लाल शाईखेरीज दुसरा शौक नव्हता. दुकान सांभाळायला कडेगावचा अर्जुना आला; पलटणीच्या रसद खात्यात सहा वर्षं काढल्यामुळं तो गुळाच्या ढेपेलाही सलाम ठोकल्याशिवाय हलवत नसे. मागच्या पडवीत उखळ-मुसळ घेऊन तानुबाई बसली. तिच्या मुसळापेक्षा जिभेला जास्त काम असे. पाटी मानसिंगरावांनी रंगवली, सहा दिवस खपून, अक्षरांना सोनेरी सावली देऊन. उद्घाटनाला फोटोवाला आला. त्यानं उंचीप्रमाणं माणसं लावली आणि मानसिंगरावांना मागं उभं करून सांगितलं, "पाटी तुम्हीच धरा, तुमचीच आहे." फोटो उत्तम आला. पाटी ठसठशीत दिसत होती. पाटीच्या खाली दोन पाय दिसत होते, ते मानसिंगरावांचे. मधोमध, कुणाचं तरी तान्हं पोर मांडीवर घेऊन, जिनदत्त बसला होता.

तो फोटो भांडारात लागला, त्या दिवसापासून आपणही काहीतरी असं करावं की जे जिनदत्तला साधणार नाही, या विचारानं मानसिंगरावांना पछाडलं. आणि मग मध आला.

त्यांचा एक जुना विद्यार्थी जावळीच्या रानात फॉरेस्ट गार्ड होता. त्याच्याकडून मानसिंगरावांनी चोवीस बाटल्या मध मागवला. निसर्गाहार म्हणायचं तर मधासारखा आहार कुठला? ना गिरणी, ना घाणा, माणसाचा हातच लागलेला नाही! बेत असा, की रविवारी दुपारी अर्जुना जेवायला गेला की बाटल्या मधल्या फळीवर मांडून ठेवायच्या, आणि संध्याकाळी सभासद जमले की फडकं बाजूला सारून छोटंसं भाषण करायचं. भाषण तयार होतं. 'हे सुवर्णरसा' असं त्याचं पहिलं वाक्य होतं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. भांडाराचे निम्मे सभासद जैन. भांडारात कांदा-बटाटा ठेवायचा नाही, हा ठराव खुद्द मानसिंगरावांनी मोठ्या उदारपणानं मांडला होता. नऊ वर्षं जैन शेजार, त्यांना सगळं माहीत होतं. कांदा माहीत होता, बटाटा माहीत होता, दिवस मावळायच्या आत जेवणं माहीत होतं. मध काढताना माश्यांची हत्या होते म्हणून जैनाच्या घरात मध वर्ज्य, एवढं एकच त्यांना नऊ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, कारण कुंपणावरून मधाची देवाणघेवाण करायचा प्रसंगच आला नव्हता.

भाषणाच्या आधीच, चार वाजता, गुणमाला तेल न्यायला आली. एक बाटली कलली होती आणि फळीवरून मधाची धार सरळ तराजूच्या पारड्यात उतरली होती. तिच्यामागं मुंग्यांची पलटण.

"अगोबाई! मध? हितं? तराजूत?" एवढं म्हणून ती रिकामी बरणी घेऊन परतली. आणि संध्याकाळपर्यंत निम्मं विश्रामबाग रिकाम्या बरण्या घेऊन परतलं.

आप्पासोंनी सभा बोलावली. "कुणी आणला मध?"

मानसिंगरावांच्या घशात 'हे सुवर्णरसा' होतं, ते तिथंच राहिलं. तेव्हा जिनदत्त उठला, त्यानं तराजू, पारडी, मापं, सगळं परसात नेऊन चिंचेनं आणि राखेनं घासलं, फळी उन्हात टाकली, आणि म्हणाला, "चूक भांडाराची. माणसाचं नाव कशाला?" दुसऱ्या दिवशी गुणमाला बरणी घेऊन आली, तिच्यामागं बाकीच्या आल्या. बाटल्या वैद्याला देऊन टाकायचं काम मानसिंगरावांनी तत्परतेनं अंगावर घेतलं. वैद्याकडं जायचं त्यांना नंतर जमलं नाही. बाटल्या त्यांच्या पलंगाखाली गेल्या.

वर्ष सरलं. आणि कचेरीतून पत्र आलं: पहिल्या वार्षिक सभेत संस्थेचा संक्षिप्त इतिहास वाचला जावा आणि त्याच्या चार प्रती सादर व्हाव्यात. त्याच सभेत नवा अध्यक्ष निवडायचा होता, कारण आप्पासोंची नजर अधू झाली होती आणि लाल शाई काळ्या अक्षरांवर नेमकी पडत नव्हती.

"इतिहास मी लिहितो," मानसिंगराव म्हणाले. "अक्षर बरं आहे म्हणून आपलं." मनात हिशेब सरळ होता. जो इतिहास लिहितो तो इतिहास वाचतो, आणि जो वाचतो तो लोकांसमोर अर्धा तास उभा राहतो, आणि अर्धा तास उभ्या राहिलेल्या माणसाला सोडून लोक दुसऱ्याला कशाला अध्यक्ष करतील?

लिहायला बसल्यावर अडचण ध्यानात आली. ज्या वाटेनं जावं तिथं जिनदत्त बसलेला. सह्या जिनदत्त, परवाना जिनदत्त, घाणेवाला ठरवला जिनदत्तनं, शिराळ्याच्या गाड्या ओढ्यात अडकल्या तेव्हा गुडघाभर पाण्यात उतरला तो जिनदत्त. हा भांडाराचा इतिहास होता की मगदुमांच्या घराण्याची बखर? तीन दिवसांनी तोड सापडली. स्वतःला 'प्रस्तुत लेखक' म्हणायचं. जिनदत्तला 'एक सभासद'. "प्रस्तुत लेखकाच्या मनात ही कल्पना उदय पावली. पुढे एका सभासदाने सह्या आणल्या." वाचून पाहिलं. कुणीतरी शिपाई सह्या घेऊन आल्यासारखं वाटत होतं. छान जमलं होतं.

मध ते अर्थातच गाळणार होते. पण मसुदा पाहून आप्पासो म्हणाले, "अडचणी व निवारण हे कलम कुठाय? अडचण नसलेली संस्था कचेरीला संशयास्पद वाटते. तो मध घाला त्यात."

"मध?" मानसिंगरावांचा आवाज किंचित चिरकला.

"अलबत! एवढी चांगली अडचण वाया कशाला घालवायची?"

तेव्हा मानसिंगरावांनी लिहिलं: "एका सभासदाने अतिउत्साहाच्या भरात मध आणून ठेवला." लिहून झाल्यावर टाक खाली ठेवला आणि बराच वेळ त्या ओळीकडं पाहत बसले. परवाना आणणाराही एक सभासद, मध आणणाराही एक सभासद. आपण काही म्हटलंच नाही, लोकांना काय वाटायचं ते वाटो. आणि हे खोटं तरी कुठं होतं? मानसिंगराव सभासद होते, आणि एकच होते.

आप्पासोंनी मसुदा लाल होऊन परत पाठवला. जिथं जिथं 'प्रस्तुत लेखक' होता तिथं तिथं तो खोडून 'एक सभासद' केलेलं. समासात शेरा: "सहकारात लेखक नाही. सर्व सभासद समान."

आता सगळंच एका सभासदानं केलेलं होतं. कल्पना, सह्या, परवाना, पाटी, मध. मानसिंगराव तासभर डोकं धरून बसले. मग त्यांना वाचनाचा विचार सुचला. कागदावर समान असतील, तोंडात कशाला? वाचताना आपल्या कामगिरीपाशी हात छातीवर ठेवायचा. जिनदत्तच्या कामगिरीपाशी आढ्याकडं पाहायचं. आणि मधापाशी, अगदी सहज, जिनदत्त बसला असेल तिकडं नजर टाकायची. मात्र हे सगळं वेळेवर साधायला तालीम हवी. सभेआधीचे आठ दिवस ते रोज सकाळी कॅनॉलच्या काठावर उभे राहून मोठ्यानं इतिहास वाचू लागले. छाती, आढं, छाती, जिनदत्त. तिथं म्हशी धुणाऱ्या एकानं मास्तरांच्या बायकोला, शालूबाईंना, येऊन विचारलं, "मास्तरांचं बरं हाय न्हवं?"

सभेच्या आदल्या दिवशी मानसिंगरावांचा आवाज बसला. बसला म्हणजे पार बसला. ओरडलं तरी फाटक्या भात्यासारखा फक्त वारा निघे.

"आवं, हळदीत मध घालून चाटा," शालूबाई म्हणाल्या. "पलंगाखाली चोवीस बाटल्या हायत, त्या काय पूजा करायला ठेवल्यात?"

मानसिंगरावांनी खुणेनं त्यांना गप्प केलं आणि मध चाटला. एक बाटली संपली. आवाज आला नाही.

रविवारी सकाळी भांडाराच्या अंगणात सत्तर-ऐंशी माणसं जमली. डावीकडं बायका, उजवीकडं पुरुष, मध्ये सतरंजीवर आप्पासो. मानसिंगराव कागद घेऊन उठले, तोंड उघडलं, आणि वारा निघाला.

"काय म्हनत्यात?" तानुबाई म्हणाली. "मास्तर, मुसळ घेऊन येऊ का घशात घालाया?"

"हसू नका गं," म्हणत जिनदत्त पुढं आला. "मास्तर, तुमी बसा की. मी वाचतो. रोज पेढीवर वाचतोच." आणि मानसिंगरावांच्या हातून त्यानं कागद इतक्या मायेनं काढून घेतले, की ते घट्ट धरून ठेवणं फारच वाईट दिसलं असतं.

जिनदत्तनं चष्मा लावला. "सन एकोणीसशे शेहेचाळीसच्या आरंभी एका सभासदाच्या मनात ही कल्पना उदय पावली." तो थांबला. वर पाहिलं. "हा एक सभासद कोण, ते तुमाला ठाऊक हायच. मास्तरांनी स्वतःचं नाव लिवलं न्हाई. पण मी सांगणार." आणि त्यानं तळहात उघडून मानसिंगरावांकडं केला. टाळ्या पडल्या.

मानसिंगरावांना ऊब आल्यासारखं झालं. जिनदत्त इतका काही वाईट माणूस नाही, असं त्यांच्या मनात पहिल्यांदाच आलं.

"एका सभासदाने बेचाळीस सह्या मिळवल्या." पुन्हा हात मानसिंगरावांकडं. "आता सह्या घ्यायला मी गेलो हे खरं. पण लोकांनी सही केली ती मास्तरांचं नाव सांगितलं म्हणूनच की!" टाळ्या. "एका सभासदाने परवाना मिळवला." हात. "शिक्का मी आणला, पण मास्तरांनी आधी दोन खेपा घातल्या, त्या कारकुनाला मऊ केलं कुणी?" टाळ्या. ओढ्यातल्या गाड्या आल्या, हात मानसिंगरावांकडं. ते त्या दिवशी शाळेत होते. तरी टाळ्या.

मानसिंगराव हसत होते. वर्षभर उपाशी असलेला माणूस पंगतीला बसावा तसे ते बसले होते. अध्यक्षपद आता एका पानावर आलं होतं. एका पानावर... आणि त्यांना आठवलं, पुढचं पान चौथं. चौथ्या पानावर अडचणी व निवारण.

ते ताडकन उठले. दोन्ही हात हलवून 'पुरे, पुरे' म्हणू लागले. वारा निघाला.

"बघा, नको नको म्हणतायत!" जिनदत्त गहिवरून म्हणाला. "ह्याला म्हणायचं मोठेपणा!" सगळ्यात जोरदार टाळ्या या वेळी पडल्या. कुणीतरी मानसिंगरावांचा कोट ओढून त्यांना खाली बसवलं.

"अडचणी व निवारण," जिनदत्त वाचू लागला. "एका सभासदाने अतिउत्साहाच्या भरात मध..."

त्याचा हात सवयीनं मानसिंगरावांकडं गेलेला होता.

ऐंशी माणसांनी त्या हाताच्या टोकापासून मानसिंगरावांच्या तोंडापर्यंत नजरेनं एक सरळ रेघ ओढली. ड्रॉइंग मास्तरांनाही एवढी सरळ रेघ पट्टीशिवाय कधी जमली नव्हती.

जिनदत्तच्या ध्यानात आलं. हात तसाच हवेत राहिला, मग हळूहळू वळला आणि त्याच्या स्वतःच्या छातीवर येऊन टेकला.

"हा सभासद, मी," तो म्हणाला.

आणि अंगण जे हसलं, ते बराच वेळ थांबेना.

"काय बोलताय वो तुमी?" गुणमाला तिकडून उठून उभी राहिली. "औषध म्हणून वैद्यानं दिला तर तुमी तोंड फिरवून बसता! तुमी मध आणला? चोवीस बाटल्या?"

"आणला असंल की," जिनदत्त जमिनीकडं पाहत म्हणाला. खोटं बोलायची त्याला अजिबात सवय नव्हती, आणि ते लांबूनही दिसत होतं.

तेव्हा अर्जुना पाय जुळवून उभा राहिला. "रिपोर्ट देतो, आप्पासो. मध मास्तरांनीच आणला. मी जेवून आलो तवा मास्तर मागल्या दारानं निगाले हुते आन् सदऱ्याला मुंग्या लागल्या हुत्या. मी तवाच सांगणार हुतो, पर अण्णा म्हनले, अर्जुना, रिपोर्ट नगं. मास्तरांनी चांगल्या मनानं आणला असंल. आपुन तराजू धुऊ."

म्हणजे त्याला माहीत होतं. वर्षभर माहीत होतं. वर्षभर हा माणूस कुंपणावरून दोडके देत होता आणि त्याला माहीत होतं! मानसिंगरावांना पहिल्या प्रथम काय वाटलं असेल तर ते असं, की हे अति झालं. माणसानं परवाना आणावा, लोकांचं प्रेम मिळवावं, ते एक वेळ सोसता येईल. पण दुसऱ्याची चूक वर्षभर पोटात ठेवायची, आणि वर चारचौघांत ती अंगावरही घ्यायची? शेजाऱ्याला मागं टाकायला काही जागाच ठेवायची नाही?

ते उठले. या वेळी कुणी कोट ओढला नाही. त्यांनी घसा आवळला, आणि दोन दिवसांचा वारा एकवटून एक फाटका आवाज बाहेर आला.

"मध मी आणला."



"आणि सह्या," आवाज आणखी फाटला, "सह्या, परवाना, गाड्या... ते सगळं..." पुढं आवाजच नव्हता. म्हणून त्यांनी उजवा हात उचलला आणि जिनदत्तकडं दाखवला.

आप्पासोंनी अधू डोळे बारीक केले. त्यांच्यासमोर सभा होती, सभेत निवडणूक होती, आणि एक हात वर होता. "मानसिंगराव इंगवले यांची सूचना," त्यांनी लाल शाईत टाक बुडवला, "अध्यक्षपदासाठी जिनदत्त मगदूम. अनुमोदन?"

ऐंशी हात वर गेले. तानुबाईनं दोन्ही केले. मानसिंगरावांनी घाईघाईनं आपला हात खाली घेतला, पण तोपर्यंत नोंद झाली होती, आणि लाल शाईतलं आप्पासो कधी खोडत नसत.

परत जाताना लोक काय म्हणाले तेही मानसिंगरावांना ऐकू आलं. आवाज गेला होता, कान शाबूत होते. "मास्तरांनी कबूल केलं, नवल हाय!" एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, "आरं गड्या, अण्णांच्या शेजारी धा वर्सं ऱ्हायल्यावर दगडालाबी पाझर फुटंल."

घरी आल्यावर शालूबाईंनी पलंगाखालून बाटली काढली. आता लपवायचं कारण उरलं नव्हतं. "आवं, चांगलं केलंसा," त्या हळूच म्हणाल्या आणि चमचा पुढं केला. मानसिंगरावांनी तोंड कडू करून मध चाटला.

दुपारी आप्पासोंचा निरोप आला. कचेरीत चारही प्रती नव्यानं द्यायच्या, आणि 'एक सभासद' चालणार नाही. प्रत्येक ठिकाणी नाव घालावं. मानसिंगराव दौत घेऊन खिडकीशी बसले. कुंपणापलीकडं नवे अध्यक्ष अंग मोडून वेलाला पाणी घालत होते, इंगवल्यांच्या बाजूच्या मुळाला, कुंपणातून हात घालून. गुणमाला टोपली घेऊन दाराकडं येताना दिसली.

मानसिंगरावांनी एक सुस्कारा सोडला आणि लिहायला घेतलं. मधाच्या पुढं त्यांनी 'मानसिंगराव इंगवले' असं लिहिलं, सावलीसकट. सह्यांच्या पुढं, परवान्याच्या पुढं, गाड्यांच्या पुढं 'जिनदत्त मगदूम' असं लिहिलं, चारही प्रतींत, एकही ठिकाण न चुकवता.

अक्षर मात्र जरा बारीक काढलं.